घाटाचं इंजिन लागेपर्यंत

पुण्याची गाडी कर्जतला थांबली, की घाट चढवायला तिला मागून आणखी एक इंजिन लावत. तेवढ्या वेळात माझ्याबरोबर शाळेत शिकवणारे एक मास्तर खिडक्याखिडक्यांतून डोकावून एखादा प्रोफेसर हुडकत. त्यांना तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं होतं. "तूर्त एवढंच विचारतो," म्हणत ते सुरू होत. पेपर किती, संस्कृत लागतं का, प्रबंध चालतो का? त्यांची छत्री धरून शेजारी उभं राहून मला सगळी उत्तरं पाठ झाली. नाव घालायचं मात्र ते नाव काढत नसत.

एकदा एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी वैतागून डब्याचं दारच उघडलं. "चला माझ्याबरोबर! उद्याच नाव घालू. माझ्याकडेच राहा."

मास्तर पायरीवर चढले. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं. तेवढ्यात ते थबकले.

"पण एम.ए. झाल्यावर माणसाला नेमकं काय यायला हवं?"

"मास्तर, चढा नायतर उतरा! इंजिन लागलंय," हमाल ओरडला.

"तूर्त उतरतो," म्हणून मास्तर उतरले. गाडी हलली. माझ्या हातातली छत्री घेत ते म्हणाले, "बघितलंत? उत्तर न देताच गेले."