गोणीतलं मीठ

जव्हारजवळच्या साखरशेत गावच्या माघ्याला वाया गेलेलं काही बघवत नाही. वाटेत पडलेला खिळासुद्धा हा कनवटीला लावून आणेल, असं शेजारी चिडवतात. आठवडाभर तो बोईसरकडच्या एका कारखान्यात गोण्या भरतो आणि रविवारी घरी येतो. गोण्यांत असतं सोडियम ब्रोमाइड. पांढरं, खारट, पाण्यात चटकन विरघळणारं, उघडं राहिलं तर ओल धरणारं. एवढं लांबडं नाव कोण घेत बसणार? कारखान्यात सगळे त्याला मीठच म्हणतात. खनिज तेलाच्या विहिरी खोदताना ते लागतं, मोठ्या यंत्रांच्या पाण्यात शेवाळ धरू नये म्हणूनही घालतात, इतकं माघ्याला ठाऊक होतं. मग फाटक्या गोणीतून सांडलेलं चांगलं मीठ केरात कशाला जावं? त्याने पिशवी भरून घरी आणली आणि बायकोच्या, तानीच्या हवाली केली.

"जरा कडू लागतं," तानी म्हणाली. पण मिरचीच्या चटणीत ते खपून गेलं.

पावसाळा सरता सरता तानी बदलली. चुलीपुढे बसल्या बसल्या झोपायची. कोंबडीला शेळी म्हणायची. चालताना तोल जायचा, तोंडावर पुटकुळ्या उठल्या. माघ्या भगताकडे जाऊन आला, फरक पडला नाही. एका रविवारी तिने त्यालाच विचारलं, "तू कोन रं? कोनाकडं आलास?"

दुसऱ्याच दिवशी कारखान्यात गोण्या शिवताना एका नव्या मजुराने मिठाचं बोट चाटलं. सुपरवायझर हर्षल धावत आला. "थुंक आधी. खायचं मीठ नाही ते. पूर्वी फिट येणाऱ्यांना औषध म्हणून देत. जास्त पोटात गेलं की माणूस झोपाळतो, भ्रमिष्ट होतो."

माघ्याच्या हातातली सुई तशीच राहिली. मिळेल ती गाडी धरून तो निघाला. तो स्वतः रविवारपुरता घरी जेवायचा, तानी मात्र रोज दोन्ही वेळा. आजही ती चटणी वाटत असेल, मिठाच्या मडक्यात हात घालत असेल. जव्हारचा घाट त्याला संपता संपेना.

घरी तानी ओट्यावर बसून झोपली होती, मांडीवर अर्धी भाकरी. तिला आणि उरलेल्या मिठाची पिशवी घेऊन तो जव्हारच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, रक्त काढलं आणि सलाईन लावायला घेतलं. "हे मिठाचं पाणी आहे. अंगातलं ते विष हळूहळू बाहेर काढेल."

माघ्याने बाईंचा हातच धरला. "नको मॅडम. मीठ नको."

"हे खायचं मीठ आहे रे," बाई म्हणाल्या. त्याने हात सोडला, पण बाटलीवरची नजर काढली नाही.

तानी बरी झाली. आता घरात दुकानातलं बंद पुडीचं मीठ येतं. तरीही पहिले चार घास माघ्या खातो आणि तानीचं ताट हाताने अडवून धरतो.

"मी कवा जेवू?" तानी विचारते.

"थांब जरा," तो म्हणतो. "मला झोप येते का बघू दे."