चौथ्या चाकाचा नट

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा गप्पच राहिलो. आज तुम्हाला सांगतोय, पण तुम्ही फार भले आहात म्हणून नव्हे. तोंड कडू झालंय, थुंकायला जागा हवी — एवढंच. आणि मधेच 'होतं असं माणसाच्या हातून' म्हणालात, तर याद राखा!

अठ्ठावन्न सालची गोष्ट. गाडी माझी — लढाईच्या आधीची, काळी, तिसऱ्या हातानं आलेली. वर्ध्यात तेव्हा मोजक्याच गाड्या, त्यामुळे मी मान ताठ करून फिरायचो. ब्रेक मात्र नेहमीचे रडके. बोरगावचा तुळशीराम मिस्त्री माझ्या अंगणात येऊन ते दुरुस्त करायचा. त्याच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तो बौद्ध झाला, हेही सगळ्यांना ठाऊक होतं — मला जरा जास्तच.

नवरात्रात त्यानं तीन चाकं चोख केली. चौथं, मागचं डावं. तिथं ब्रेकच्या तेलाची नळी जोडणारा नट गंजून जाम बसला होता. त्यानं घासलेट सोडलं, हलकेच पाना लावून पाहिला आणि हात काढून घेतला. "मालक, हा आता नाई ऐकत. जबरदस्ती केली तं कोपरे गोल होतात, मंग ना सुटत ना कसत. भिजू द्या. दसऱ्याले मी नागपूरले जातो, आलो का पाहतो. तोवर याले हात लावू नोका." गाडी हळू चालवली तर काही होणार नाही, असंही म्हणाला.

इतकं साफ सांगितल्यावर कोणी हात लावेल? मी लावला. का? दसऱ्याला आंजीला, सासुरवाडीला सोनं द्यायला जायचं होतं, ते निमित्त. हळू नेली असती की गाडी! आग वेगळीच होती. तुळशीरामनं मला 'हात लावू नका' म्हणावं? मला? माझ्याच अंगणात?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बायकोनं माझे सगळे पाने, हातोडी, जॅक घासूनपुसून पाटावर मांडले होते, हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता. पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. नटाला नेमका बसणारा पाना डोळ्यांसमोर पडलेला — आणि मी, मोठा धार्मिक! — तो उचलला नाही. गोठ्यात खुंटीला कुंपणाची तार ओढायची गंजकी पकड टांगलेली होती. पूजेत ठेवायची राहून गेलेली. ती घेतली आणि गाडीखाली शिरलो.

पकड घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. शिव्या घालत, सगळा जोर लावून पिळला तेव्हा नट थोडासा फिरला — आणि कोपरे गेले. पार गुळगुळीत. आता तो ना पुढे जाईना, ना मागे येईना. कडेनं तेलाचा एक थेंब आला. मी तो पाहिला. ऐकताय ना? पाहिला! बोटानं पुसला, वर ग्रीस थापलं, माती चोळली आणि हातपाय धुऊन आरतीला उभा राहिलो.

दसऱ्याला गाडीला झेंडूच्या माळा घालून आम्ही नवराबायको निघालो. आंजीच्या अलीकडच्या उतारावर ब्रेकवर पाय दिला, तर तो सरळ तळाला टेकला. एका चाकाचं तेल गेलं की चारही चाकांचे ब्रेक जातात. गाडी बाभळीवर आदळली. मला खरचटलंसुद्धा नाही. बायकोचं उजवं मनगट मोडलं, ते पुढे कधी नीट जुळलंच नाही.

माणसं जमली. बाया तिला पाणी पाजत होत्या आणि मी — तिच्याकडे न बघता — काय बोललो असेन? "तुळशीरामनं केलते ब्रेक. देव सोडला, हत्याराची पूजा सोडली, मंग असंच होईन ना!" कोणी विचारलंही नव्हतं हो! सगळ्यांनी माना हलवल्या. एकाच्याही तोंडून 'काऊन? कशावरून?' निघालं नाही.

तुळशीराम परतला तो थेट माझ्या अंगणात. गाडीखाली गेला, बाहेर आला, अंगठ्याला ग्रीस. "मालक, या नटावर पकडीचे दात हायेत. मी नटाले पकड कधीच लावत नाई." आठदहा माणसं उभी होती. मी अंगावर धावून गेलो त्याच्या. जातीवरून बोललो. ते शब्द इथं पुन्हा उच्चारत नाही — लाज वाटते म्हणून नव्हे, तुम्हाला ते पाठ आहेत म्हणून. वर्षभरात त्याच्याकडे एकही गाडी येईना. हात तोच होता, नाव गेलं. बायकोपोरांना घेऊन तो चांद्याकडे कोळशाच्या खाणीवर गेला. तो गेल्याचं कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. होय, हायसं.

बायकोनं मला एका शब्दानं विचारलं नाही. पण पुढच्या खंडेनवमीला पाहतो तर गोठ्यातली ती पकड पाटावर, सगळ्या हत्यारांच्या पुढे. वाकड्या उजव्या हातात तिला करंडा नीट धरवेना. डाव्या हातानं तिनं पकडीला पहिलं कुंकू लावलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाने पुजायला घेतले. तेव्हापासून दर वर्षी हेच. दर वर्षी मी त्या पाटापुढे हात जोडून उभा राहतो आणि तोंड उघडत नाही.

तुळशीरामचं काम चोख होतं. नट मी गोल केला.