बाईंनी मला गुहेत सोडलं नव्हतं

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. तरी लिहितोय... कारण आमच्या बाई आता नाहीत, आणि त्यांच्या नावावरचा डाग माझ्यामुळे आहे.

बाई माझ्या सहकारी. गुहेच्या अंधारात जगणाऱ्या किड्यांचा अभ्यास आमच्या भागात पहिल्यांदा त्यांनी सुरू केला. त्या दिवशी दरेकशाच्या डोंगरातल्या गुहेत आम्ही तिघं होतो — बाई, मी आणि वाट दाखवणारे सोमाजी. बाईंची पद्धत अशी : आत जागा धरून बसायचं, टॉर्च विझवायच्या, हलायचं नाही. उजेड गेला की किडे आपणहून बाहेर येतात.

मला दम निघाला नाही. ज्याच्या शोधात आलो होतो तो पांढरा, आंधळा रातकिडा आधी मला मिळावा... अंधारातच शेजारच्या फटीत सरपटत शिरलो. तिथे जायला बाईंनी मनाई केली होती.

छाती अडकली. हात पुढे ताणलेले, मागे सरकता येईना. ओरडायला श्वास घ्यावा, तर दगड आणखी आवळे. नाकातोंडात माती. किती वेळ गेला, कळलं नाही.

मग घोट्यावर हात पडला. ऊबदार.

"हलू नका सर. श्वास सोडा... सगळा सोडा."

बाईंचाच आवाज! मी श्वास सोडला की हात ओढायचा. असा इंचाइंचानं सुटलो. टॉर्च लावली — मागे कोणी नाही.

चाचपडत गुहेबाहेर आलो, तर बाई पायाला दुपट्टा बांधून बसलेल्या.

"तुम्ही माझ्याआधी कशा आलात?" मी विचारलं.

सोमाजी भडकले. "आधी कायच्या? तुमाले शोधता शोधता पडल्या, पाय मोडला. मी पाठीवर आणलो त्यायले. तवापासून इथूनच हाका मारून राहिल्या! तुमी काऊन घुसले त्या फटीत? आपलं पोट तं पाहाचं!"

बाईंचा घसा बसला होता. "सर, लागलं नाही ना?" एवढंच बोलल्या.

कॉलेजात चौकशी झाली. मनाई मोडल्याची लाज वाटून मी म्हणालो, "बाई मला आत सोडून निघून गेल्या." सोमाजींना कोणी विचारलंच नाही. बाईंचं गुहेत जाणं कायमचं बंद झालं. त्यांनी मला कधी जाब विचारला नाही. परवा शोकसभेतही कुणीतरी ती गोष्ट काढली, आणि मी मान खाली घालून बसलो.

घोटा कुणी धरला, मला माहीत नाही. आवाज दगडात घुमला म्हणावं, तर हाताचं काय? मोडका पाय घेऊन बाई बाहेर माझं नाव घेत होत्या, एवढं मात्र त्याच दिवशी कळलं होतं. तेच मी कोणाला सांगितलं नाही.