फिका गुलाबी आणि पेंटरकाका

वडीगोद्रीच्या पेंटरकाकांनी सावलीत कधी कुठला रंग पास केला नाही. पाटी रंगवून वाळली की ती भर दुपारी उन्हात टेकवायची, हायवेच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं आणि तिथून मोठ्यानं वाचायची. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायचे, "जल्दी असंल तर कोरीच घेऊन जा."

आमचं घर त्यांच्या दुकानामागे. रंगांचं वेड मला त्यांनीच लावलं. मी मोबाइल ॲपचे स्क्रीन डिझाइन करायला लागले, तेव्हा गावभर मिरवलं तेही त्यांनीच. "आमची पोरगीबी पाट्याच रंगविती, फकस्त लहान्या."

माझं पहिलं स्वतंत्र काम आरोग्य खात्याच्या आशाताईंसाठीचं ॲप. ऊसतोडीला आलेल्या गरोदर बायकांची नोंद फडातच करायची होती. मी हौसेनं फिका गुलाबी निवडला. मागे गुलाबी, बटणं किंचित जास्त गुलाबी, त्यावर पांढरी अक्षरं. इतकं गोड दिसत होतं की माझी मीच खूश. काकांनी फोन उन्हात धरून पाहिला, मान वळवून पुन्हा एकदा पाहिला. "पोरी, कायबी दिसून न्हाई राह्यलं."

"काका, तुमचे डोळे गेलेत आता," मी फाडकन बोलून गेले. त्यांनी फोन शर्टाला पुसून परत दिला.

पुढच्या आठवड्यात अंकुशनगरजवळच्या फडात आशाताई फोनवर पदर धरून बटण शोधत राहिल्या. समोर आठव्या महिन्यातली बाई कोयता घेऊन उभी. शेवटी ती म्हणाली, "ताई, मोळ्या बांधायच्यात," आणि निघून गेली. नोंद राहिली ती माझ्या हौसेपायी.

मी तडक काकांकडे गेले. गुलाबी काढूनच टाकते, म्हटलं.

"गुलाबीचा काय गुन्हा? त्याला मागं बसू दे निवांत. बोलायचं काम गडद रंगाला दे." त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर फिका गुलाबी मारला, वर पिकल्या जांभळाच्या रंगात 'नोंद' लिहिलं आणि मला रस्त्यापलीकडून वाचायला लावलं. तेच रंग मी ॲपला दिले. चार दिवसांत त्या बाईची नोंद झाली, तपासणीही झाली.

हे सांगायला गेले तेव्हा माफीही मागितली. डोळ्यांचं मी बोलायला नको होतं, म्हटलं.

काका ब्रश धूत होते. "खरंच बोल्लीस तू. डावा गेल्ता तव्हाच. म्हणून तर दोनदा पाह्यलं. म्हणलं, पोरीची चूक काढायच्या आधी उजव्याला इचारावं."