कोळशावरून पेट्रोलवर

आमची जीप कोळशावर चालायची असं सांगितलं की नातवंडं हसतात. "आजोबा, मग ती आगगाडीच होती म्हणा की." हसू देत. त्यांनी तो वास घेतलेला नाही. सकाळच्या दंवात पेटत्या कोळशाचा आणि ओल्या काथ्याचा मिळून एक वास अंगणभर पसरायचा. तो मला अजून कधी कधी उगाच आल्यासारखा वाटतो. मग मी उठून खिडकीशी जातो. खाली कोण काय पेटवणार? सगळे गॅसच्या शेगडीवाले.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर बाबांनी मिलिटरीच्या लिलावात ती जुनी जीप घेतली. पेट्रोल तेव्हा रेशनवर मिळायचं, तेही मिळालं तर. म्हणून कित्येकांसारखी बाबांनीही गाडीच्या पाठीला पत्र्याची उंच टाकी बसवून घेतली. त्या टाकीत कोळसा पेटवायचा, त्यातून निघणारा गॅस काथ्यातून गाळायचा, नळीने इंजिनात सोडायचा, की गाडी चालायची. पुढे रेशनिंग उठलं आणि बाकीचे पुन्हा पेट्रोलवर गेले. बाबा गेले नाहीत. चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. सपाटीवर गाडी बरी चालायची. मालवणची सुकी मासळी, गावातली सुपारी, काजू, हंगामात आंब्याच्या पेट्या, सगळं त्या गाडीने वाहिलं. आणि मी त्या गाडीच्या जिवावर शिकलो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी आवाज खाली करून सांगत नाही. कोल्हापुरात कुणाच्या तरी माडीवर हाताने भात शिजवून बी.एस्सी. झालो आणि पन्नासचं दशक सरत आलं तेव्हा कुडाळच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागलो. घर कुडाळपासून जवळच्या गावात. रोज जाऊन येऊन असायचो.

गाडी सुरू करायच्या आधी टाकीतली आग फुलवावी लागे. त्यासाठी बाजूला हाताने फिरवायचा पंखा होता. तो आई फिरवायची. मी कॉलेजात असताना ती मळ्यात मेरेवरून, म्हणजे बांधावरून, घसरून पडली होती आणि खुब्याचं हाड वाकडंच जुळलं होतं. तेव्हापासून ती काठी घेऊन, एका बाजूला झुकून चालायची. उभ्याने करायची कामं तिच्या हातून गेली. पंखा बसून फिरवता येई. बाबा काथ्या बदलत, कोळसा चाळत, आणि दोघं हळू आवाजात काहीबाही बोलत. दिवसातलं त्यांचं बोलणं बहुतेक तेवढंच.

कोळसा यायचा आईच्या माहेरून. आंबोलीच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत जंगलात तिचं गाव. तिथे माझी मावशी एकटी राहायची, गुरं सोडून ती कधी घाट उतरली नाही. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तिनेच आईला अंगाखांद्यावर वाढवलेलं. त्या गावचा एक माणूस कोळशाची पोती डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणायचा, तिथून बैलगाडीने घाट उतरायचा. पोत्यांबरोबर मावशीचे निरोप यायचे. आई नारळ, सुके बांगडे आणि उलटे निरोप पाठवायची. दोघी बहिणी वर्षानुवर्षं अशा कोळसेवाल्याच्या तोंडून बोलत होत्या.

आईने एक गोष्ट मात्र वर कळू दिली नव्हती. आपला पाय. कोळसेवाल्याला तिने शपथ घातली होती. "अक्काक कळता नये. ती थयसर एकटी बसान रडत ऱ्हवतली." त्यामुळे मावशीचा समज भलताच झाला होता. एकदा तिने सांगून पाठवलं, "तुझ्या घोवाक गाडी आसा, आणि बहिणीकडे येवक तुझे पाय दुखतत काय?" कोळसेवाल्याने हे सांगताना मान खाली घातली. आईने पोती मोजायला घेतली. पोती मोजून झाल्यावर तिने उत्तर दिलं, "सांग तिका, आमची गाडी कोळशार चलता. घाट चढाक तिचो दम पुरणा नाय."

हे खोटं नव्हतं. कोळशाच्या गॅसला ताकद कमी. बाबांनी एकदा प्रयत्न केला होता, तर दाणोलीच्या पुढे पहिल्या मोठ्या चढावरच गाडी धापा टाकत थांबली होती. एस.टी. आंबोलीपर्यंत जायची, पण पुढची जंगलातली वाट आणि दगडधोंड्यांची नदी आईच्या पायाला झेपणारी नव्हती. बैलगाडी त्या नदीतून जात नसे. तेव्हा सबब खरीच होती, आणि आईने तिच्याआड बरीच वर्षं काढली.

मग एका पावसाळ्याच्या अखेरीला कोळसेवाला आला आणि पोती उतरवायच्या आधीच म्हणाला, "वयनी, तुमच्या अक्कांका आता नीट दिसणा नाय. वाडीचो डॉक्टर आंबोलीक येता, त्यान बघल्यान. म्हणता, गेला ता येवचा नाय, आणि आसा ताय हळूहळू जातला."

रात्री जेवताना आई म्हणाली, "माका वर जावचा आसा."

"डोली सांगतंय," बाबा म्हणाले.

"डोलयेत मेल्यार घाला. माका अक्काक भेटूक होया, तिका दिसता तवसर. तिना माका बघूक होया."

मी म्हणालो, "गाडी पुन्हा पेट्रोलवर घेऊ या. पुढची चाकंही ओढतात तिची. नदी सहज पार करील."

बाबा बराच वेळ भात कालवत राहिले. मग आईकडे न बघता म्हणाले, "पेट्रोलार घेतली तर कोळसो नको. कोळसो नको तर तो माणूस हयसर कित्याक येतलो? निरोप कोण आणतलो तुका?"

"निरोपान तोंड दिसता काय?" आई म्हणाली.

विषय तिथे संपला.

कुडाळचा मेस्त्री आला. लढाईत मिलिटरीच्या वर्कशॉपात होता, आणि त्याच्या बोलण्यावरून निम्मी लढाई त्याच्या पान्यावरच चालली होती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ह्या काय काम आसा? दुपारच्या जेवणाक मोकळो." प्रत्यक्षात दिवाळी उलटून गेली.

पहिल्यांदा पाठीवरची टाकी उतरवली. नट गंजून घट्ट झाले होते. ते सुटल्यावर बाबांनी आणि मी टाकी उचलून माडाखाली ठेवली. गाडी एकदम लहान आणि पोरकी दिसायला लागली. आई ओसरीवरून बघत होती. पंखा सोडवून मेस्त्रीने तिच्या पायाशी आणून ठेवला, तर तिने त्याची मूठ पदराने पुसली आणि तो आत नेऊन ठेवायला सांगितलं.

सीटखालची पेट्रोलची टाकी गंजाने भरली होती. नदीतले बारीक खडे आत घालून आम्ही बापलेकांनी ती पोरगं झोपवावं तशी हलवली. गॅसला जोर यावा म्हणून पूर्वी इंजिनाचं डोकं घासून बसवलेलं होतं. पेट्रोलला ते चालत नाही, म्हणून मधे जाड पत्रा घातला. आता राहिला कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. कोळशावर जाताना तो काढून ठेवला होता.

"खंय आसा तो?" मेस्त्रीने विचारलं.

"घरात," बाबा म्हणाले. "तिच्याकडे दिललंय जपाक."

आई काठी टेकत आत गेली आणि लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. मेस्त्रीने फडकं सोडलं आणि तो बघतच राहिला. कार्ब्युरेटर ओळखू येत नव्हता. हळद, कुंकू, गंध, सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या, सगळ्याचा थर बसला होता. दर खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, पारय, नांगराचा फाळ पुजतात. आईने त्यांच्याच ओळीत ह्याला बसवलं होतं, दर वर्षी पाणी शिंपडून, अक्षता वाहून.

"वयनीनू," मेस्त्री म्हणाला, "ह्येका गाडयेत बसवचा की देवळात?"

"ह्येनीच सांगलेल्यानी, गाडयेचा काळीज आसा म्हणान," आई बाबांकडे बोट करून म्हणाली. "काळजाक कोण उपाशी ठेवता?"

बाबांनी तोंड दुसरीकडे वळवलं. खांदे हलत होते त्यांचे.

मी तो कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये बुडवून, सुईने आणि माडाच्या हिराच्या काडीने कोरून साफ केला. मास्तर असल्याचा तेवढा उपयोग झाला. मुलांच्या वह्या तपासून बारीक कामाची चिकाटी आली होती. मेस्त्रीने सगळं जोडलं, हातावर थुंकल्यासारखं केलं आणि पुढे हँडल लावून जोरात फिरवलं. हँडल उलट फिरलं आणि त्याच्या मनगटावर बसलं. गॅस सावकाश जळतो, म्हणून त्याला ठिणगी लवकर द्यावी लागते. पेट्रोलला तेवढी घाई नको. मेस्त्री ठिणगीची वेळ मागे घ्यायला विसरला होता.

तो मनगट धरून खाली बसला. आईने हळद गरम करून आणली. लेप लावताना म्हणाली, "मिलिटरीत खंयच्या बाजून लढलेलंस रे तू?"

वेळ मागे घेतल्यावर गाडी बाबांच्या एका झटक्यात सुरू झाली. इतक्या लवकर, की आम्ही तिघं नुसते उभे राहिलो. पुढच्या आठवड्यात कोळसेवाला पोती घेऊन आला. बाबांनी ती पोती घेतली, पण आता आणू नको म्हणून सांगितलं. आईने त्याला नारळ दिले, बांगडे दिले. निरोप काही दिला नाही. "मीच येतंय," एवढंच म्हणाली.

आम्ही पहाटे निघालो. आई पुढे बाबांशेजारी, मी मागे नारळांवर. वाडीचा बाजार ओलांडला, दाणोली गेली. घाट लागला. ज्या चढावर पूर्वी गाडी थांबली होती तो केव्हा मागे पडला ते बाबांनी सांगितलं म्हणून कळलं. धुकं खाली यायला लागलं. आईने हात बाहेर काढला आणि ओला तळवा गालाला लावला.

वरच्या एका वळणावर गाडी खोकली, आणखी एकदा खोकली आणि बंद पडली. मी चाकाखाली दगड लावले. बाबांनी कार्ब्युरेटर खोलला, आतली बारीक छिद्राची पितळी नळी काढून उजेडाकडे धरली आणि तोंडाने जोरात फुंकली. त्यांच्या तळहातावर अक्षतेचा अर्धा दाणा पडला, अजून गुलाबी. माझ्या सुईच्या तावडीतून सुटलेला. त्यांनी तो आईपुढे धरला.

"घे. तुझो प्रसाद."

आई हसली. ते हसणं मी विसरलेलो नाही. कारण त्यानंतर नदी येईपर्यंत ती एकसारखी बोलत होती. ह्या झाडाखाली आम्ही करवंदं खायचो, हयसर अक्कान माका मारलेल्यान, त्या तिकडच्या खडकार बसान बघलंव तर समुद्र दिसता म्हणतत, माका कधी दिसलो नाय. बाबा "हां, हां" करत होते. नदीत त्यांनी खालचा छोटा दांडा ओढला, चारी चाकं लागली आणि गाडी धोंड्यांवरून डुलत पलीकडे गेली.

गाव दिसायला लागल्यावर ती बाबांना म्हणाली, "गाडी आत घाला. पायरयेक टेकवा."

बाबा समजले. पायरीला टेकवली की आईला चालावं लागणार नव्हतं. बसल्या जागेवरून ती बहिणीच्या गळ्यात पडली असती, आणि पायाचं पुढचं पुढे.

पण अंगणभर नाचणी वाळत घातली होती. धान्यावरून कोण चाक नेईल? बाबांनी अंगणाच्या दगडी गडग्याशी गाडी थांबवली आणि आईकडे बघितलं. ती उतरली. मी काठी पुढे केली ती तिने घेतली नाही.

मावशी आवाज ऐकून दारात आली होती. कपाळावर हात आडवा धरून आमच्या दिशेला बघत होती. "कोण ता?"

आई नाचणीच्या कडेने चालायला लागली. एक पाय टाकायची, दुसरा ओढायची, गडग्यावर हात टेकायची. मी पुढे व्हायला लागलो तर बाबांनी माझा दंड धरला. मावशीने हात खाली घेतला. ती मान एका बाजूला करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. तिला तेवढ्याच जागेतून दिसायचं, हे मला नंतर कळलं. आई पायरीशी पोचली.

"अशी कशी चलतंस गो तू?" मावशीने विचारलं.

"नाचणी तुडवूची नाय म्हणान."

"नाचणी तुझ्या उजव्या हाताक आसा. माका तितक्या दिसता अजून." मावशी पायरी उतरून खाली आली. "परत चल बघया."

"अक्का..."

"चल म्हणतंय ना."

आई पुन्हा गडग्यापर्यंत गेली आणि वळून परत आली. मावशी तिच्या पायांकडे बघत होती.

"कधी पडलंस?"

"झाली वर्षां."

"आणि माका सांगून काय धाडलंस? गाडयेचो दम पुरणा नाय." मावशीचा आवाज चढला आणि मधेच बसला. "मी हयसर बसान तुका शिव्या घालतंय. गाडयेवाल्याची बायल झाली म्हणान."

मावशीने आईला धरून अंगणात उन्हाच्या बाजूला बसवलं, स्वतः समोर बसली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी उजेडाकडे वळवलं. मान एका बाजूला करून बघायला लागली. केस कधी पिकले, गालावरचा डाग कसला, पुढचो दात खंय गेलो, एकेक विचारत होती. आई सांगत होती. लहान पोरीसारखी हनुवटी वर करून.

आम्ही बापलेकांनी नारळ उतरवले, विहिरीवर हातपाय धुतले. मावशीने उठून चूल पेटवली, चुकतमाकत नाही, सगळं जिथल्या तिथे हाताला लागत होतं. जेवणं झाली. ऊन सरकलं तशा त्या दोघी उन्हाबरोबर सरकल्या.

मला दुसऱ्या दिवशी शाळा होती. अंधार पडायच्या आत घाट उतरायला हवा होता. बाबा आईजवळ गेले आणि उभे राहिले. ती उठत नाही हे त्यांना दिसत होतंच.

"तुका आणूक कधी येव?" त्यांनी विचारलं.

आईने तोंड वळवलं नाही. ते मावशीच्या हातात होतं.

"तिचा बघून झाला की," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली, काठी आणून तिच्याजवळ भिंतीला टेकवली आणि गाडीत जाऊन बसले.