वर्गातला अपव्यय

"उभी राहा," सर म्हणाले. मी उभी राहिले. "ही बघा. अपव्यय आणि स्थगन, दोन्ही एकाच बाकावर."

वर्ग हसला.

शिक्षणाच्या अर्थशास्त्राचा तास होता. शाळा अर्धवट सुटली की अपव्यय, एकाच इयत्तेत अडकलं की स्थगन. पुस्तकातले शब्द. माझी शाळा दहावीत सुटली. त्या वर्षी नापास. मग बाहेरून परीक्षा दिली आणि रडतखडत एम. ए.ला पोहोचले. हे सगळं सरांना प्रवेशाच्या वेळीच कळलं होतं.

"सरकारचा पैसा असा वाया जातो. पुढच्या आठवड्यात सेमिनार हिचा. स्वतःचीच केस सांग. आपल्याला पाहणीसाठी खेड्यात जायला नको."

पुन्हा हसू. मीही हसले. भीतीनं माणूस कसा हसतो, ते मला चांगलं ठाऊक आहे.

सरांचे आजोबा निजामाच्या कचेरीत होते, वडील प्राध्यापक. ते हे कौतुकानं सांगत. त्यांच्या घरात कुणाची शाळा सुटली नव्हती. आणि अंतर्गत गुण त्यांच्या हातात होते. ते गुण गेले की वर्ष गेलं. वर्ष गेलं की मी परत वाळूजच्या कंपनीत, पॅकिंगला. आईनं आधीच बजावलं होतं, "औंदा गचकलीस तर पुरं कर ते शिक्षण."

तो आठवडा रोज रात्री सेमिनार घोकला. बजाजनगरच्या खोलीवरून बसनं विद्यापीठात जायचे. वाटेत नव्या इमारती उठत होत्या, दारात पाण्याचे टँकर उभे. माझ्या शाळेत टँकर यायचा तो फक्त गुरुजींसाठी.

सेमिनारच्या दिवशी ओढणी मुठीत धरून वर्गासमोर उभी राहिले. माझ्या शेजारी बसणारी रुखसाना, शहागंजातल्या बांगडीवाल्याची मुलगी, त्या दिवशी मुद्दाम पहिल्या बाकावर आली होती. हळूच म्हणाली, "डर मत गं. बोल."

घरी घोकलेलं पुस्तकी मराठी पार विसरले. तोंडात आली ती गावची बोली.

सांगितलं ते हे: सोयगाव तालुक्यातलं आमचं गाव. दुष्काळात शाळेची टाकी आटली. पाणी नाही म्हणून मुलींच्या संडासाला कुलूप लागलं. गुरुजींचा उघडा होता. मला नुकतीच पाळी सुरू झालेली. आम्ही मुली सकाळपासून पाणीच प्यायचो नाही, म्हणजे जावंच लागू नये. लघवीला आग व्हायला लागली. मग ताप. मग रक्त. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पी. पाणी प्यायलं तर शाळेत बसता येईना. शाळा सुटली. गाव सुटलं. कंपनीत लागले, तर तिथं संडासला जायला सुपरवायझरची परवानगी. पुन्हा पाणी बंद. पुन्हा आग.

"आरोग्याचा पेपर येगळा, श्रमाचा येगळा, शिक्षणाचा येगळा," मी म्हणाले. "माझं अंग एकच हाय, सर."

कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा लाल झाला. "असलं वर्गात बोलतात? लाज आहे का काही? बस खाली."

मी बसले नाही.

"वाया गेली म्हणता. घालवली कोणी, ते बी शिकवा की."

हे मी बोलले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बोलून झाल्यावर भीती दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "वर्गासमोर माफी माग. नाहीतर अंतर्गत गुणांचं मी बघतो."

घरी आईला सांगितलं. आई लोकांची धुणीभांडी करते. ती माझ्याहून जास्त घाबरली.

"मागून टाक की माफी. काय झिजतंय तुझं? पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर करती व्हय?"

"आपल्या गावात पाणीच नव्हतं आई, मासा कुठला?"

ती हसली नाही. रडायला लागली. ते बघून मी जवळजवळ कबूल झाले. तेवढ्यात डोळे पुसत ती म्हणाली, "गप बसायला काय लागतं? मी बी जलमभर गपच बसले की."

मला सरांची भीती वाटत होती, पण त्या वाक्याची जास्त वाटली. अजून वाटते.

सकाळी केबिनच्या दारातूनच सांगितलं, "माफी नाय मागणार, सर."

त्यांनी अंतर्गत गुणांत मला नापास केलं. वर्ष गेलं. आता दिवसा पॅकिंग, संध्याकाळी अभ्यास. घोटभर पाणी प्यायचं तरी सुपरवायझरकडं बघून. त्याच पेपरला मी पुन्हा बसणार आहे, आणि तपासणारे तेच सर आहेत. ते नापास करतील तितक्यांदा बसेन. घाबरत घाबरत बसेन. माफी मागणार नाही.