आत्याबाईंच्या डोळ्यांचा विमा

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी विम्यात फुकट होणार होतं. ते मी मोडलं. सरकारचा काही दोष नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. पलूसकडचं गाव सोडून आम्ही नुकतेच सांगलीला आलो होतो. मालकांना (म्हणजे माझ्या नवऱ्याला) कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम लागलं आणि पगारातून विम्याचे पैसे कापले जाऊ लागले. त्यावर घरच्यांना औषधपाणी फुकट. आईवडलांनाही, पण ते कामगाराच्या घरी राहणारे हवेत आणि त्यांना स्वतःची कमाई नको.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावीच राहायच्या. दोन एकर ऊस, दोन म्हशी आणि साऱ्या आळीवर हुकूम! डोळ्यांना मात्र इतकं अंधुक दिसायचं, की एकदा म्हैस समजून तलाठ्याला काठीनं हाकललं. (तलाठी पुन्हा आला नाही, तेवढा फायदा झाला.)

मी त्यांना एस.टी.नं सांगलीला आणलं आणि पढवायला बसले.

"आत्याबाई, तितं इचारलं तर म्हणायचं, मी ल्योकाकडंच असती, मला कमाई कायबी न्हाई."

"खोटं बोलू?"

"डोळं पायजेत का न्हाईत?"

"बोलती."

विम्याच्या दवाखान्यात ही रांग! निम्म्या बायका आमच्याच चाळीतल्या. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "आजी, शेतीवाडी?"

"कसली वं सायेब! वीतभर रान न्हाई."

शाबास, मी मनात म्हणाले.

"राहता कुठं?"

"ल्योकाच्या घरात. पडून असती कोपऱ्यात."

इथं थांबायला हवं होतं. पण आत्याबाईंना रंग चढला! पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "सून शिळी भाकरी टाकती बगा फुडं. तीबी अर्धी!"

मागून "अगं बाई!" आलं. मी हळूच त्यांच्या पायावर पाय दिला.

"बगा, पायबी तुडवती!"

चाळीतली एक पुढं झाली. "व्हय गं सुमन? म्हाताऱ्या माणसाला असं?"

उद्या नळावर या बायकांपुढं उभं कसं राहायचं? माझं डोकंच फिरलं. "खोटं हाय सायेब! ह्या गावाकडं ऱ्हात्यात! दोन एकर ऊस हाय! दोन म्हशी हायत! आन् मला चमचाभर तूप देत न्हाईत!"

कारकुनानं शांतपणे पेनाला टोपण लावलं. "मग बाई, आजी विम्यात बसत नाहीत."

"उभी ऱ्हाती की मग," आत्याबाई म्हणाल्या.

दवाखान्याबाहेर त्यांनी मला धरलं. "किती ग्वाड चाललं हुतं! तुला गप बसाय काय झालं?"

"तुमी मला चारचौघींत कैदाशीण केलं!"

"मग? त्यात तुझं काय जात हुतं? हितं माझं डोळं गेलं!"

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना परत गावच्या एस.टी.त बसवलं.

शेवटी पलूसला डोळ्यांचं मोफत शिबिर भरलं, तिथं ऑपरेशन झालं. शेतीवाडीचं कुणी विचारलंही नाही. पट्टी होती तोवर मी उशाशी बसून त्यांना शिरा भरवला. (कढईतला उरलेला टाकायचा कसा, म्हणून मी खाल्ला.)

पट्टी सुटली तेव्हा मीच समोर होते. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग या अंगापासून त्या अंगापर्यंत पाहिलं. त्याला जरा वेळ लागला.

"सुमन," त्या म्हणाल्या, "खोटं बोलली म्हणून माझं मन मला उगंच खात हुतं गं. माझी अर्धी भाकरी कुटं जात हुती, ते आत्ता दिसलं!"